तराजूची दांडी



आजचं चिंतन : भगवद्गीता, अध्याय २, श्लोक ४८

माउली, आजचा श्लोक तुमच्यापैकी बऱ्याच जणांना पाठ असेल. नसेल तर गीता उघडून एकदा शांतपणे वाचा आणि मग पुढे या. भगवंत अर्जुनाला सांगतात, आसक्ती सोड, योगात स्थिर राहून कर्म कर, काम सिद्धीला गेलं तरी आणि नाही गेलं तरी मन सारखं ठेव. या सारखेपणालाच ते योग म्हणतात.

काल ४७ वा श्लोक झाला, तेव्हा एका तरुण मित्राने विचारलं, "दादा, मी रिझल्ट सीझनमध्ये ऑप्शन्स करतो. आमच्या क्लासचे सर हेच दोन श्लोक सांगतात. प्रोसेस बघा, प्रॉफिट बघू नका. नफा झाला तरी शांत, स्टॉपलॉस लागला तरी शांत. मग ट्रेडिंग हा कर्मयोगच झाला की!"

त्याला लगेच उत्तर दिलं नाही, कारण दोन वर्षांपूर्वी मी स्वतः हेच बोलत होतो. आज थोडं लांबण लागेल, पण हे एकदा लिहायचंच होतं.

ज्यांना या जगाची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला दर तिमाही संपल्यावर ४५ दिवसांत आपला हिशेब जाहीर करावा लागतो. वर्षअखेरच्या निकालासाठी ६० दिवस मिळतात. त्यामुळे वर्षातून चार वेळा काही आठवडे असे येतात की रोज कुठल्या ना कुठल्या कंपनीचा निकाल असतो. निकाल पुष्कळदा बाजार बंद झाल्यावर येतो आणि दुसऱ्या दिवशी सव्वानऊला शेअर एकदम वर नाही तर एकदम खाली उघडतो. त्या एका उडीवर पैसे लावणारे लाखो लोक आहेत. त्यात मी होतो.

तो जूनच्या तिमाहीचा हंगाम होता. आषाढी नुकतीच होऊन गेली होती. वाहनांचे सुटे भाग बनवणारी एक कंपनी मी हेरली होती. चार्ट बघून, दोन-चार व्हिडिओ बघून ठरवलं की हिचा निकाल वाईट येणार. निकालाच्या दिवशी दुपारी पुट ऑप्शनचा एक लॉट घेतला. पुट म्हणजे असा करार, की शेअर पडला तर साधारणपणे त्याची किंमत वाढते. लॉट ५५० चा, भाव १४ रुपये. म्हणजे ७,७०० रुपये लावले.

संध्याकाळी निकाल आला. नफा चांगलाच घटला होता. मी ऑफिसच्या बसमध्ये मूठ आवळून "येस!" म्हणालो. शेजारचा माणूस दचकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून देवापुढे बसलो. उदबत्ती लावली. नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. विठोबापुढे हात जोडले आणि मनात काय आलं? "देवा, आज जोरात पडू दे."

सव्वानऊला शेअर पडला. दहाच्या आत मी ३८ रुपयांना पुट विकून मोकळा झालो. १३,२०० रुपये नफा. येताना पेढे आणले. आईला सांगितलं, बोनस मिळाला.

आमचा दर सोमवारी एका सोसायटीच्या हॉलमध्ये हरिपाठ असतो. त्या सोमवारी आमच्यातले एक दादा उशिरा आले आणि मागे बसले. पखवाज तेच वाजवतात, त्या दिवशी हात लावला नाही. संपल्यावर चहा घेताना म्हणाले, "काही नाही रे, कंपनीत जरा वातावरण टाइट आहे. रिझल्ट वाईट आलाय. ओव्हरटाइम बंद केला. माझ्या लाइनवरच्या सात कंत्राटी पोरांना सांगावं लागलं, उद्यापासून येऊ नका. एकाचं गेल्या महिन्यात लग्न झालंय."

कंपनी तीच होती. ते तिथे आहेत हे मला माहीत होतं, माहीत नव्हतं असं म्हणणार नाही. पुट घेताना ते एकदाही आठवले नाहीत, एवढंच. मी चहाचा कप हातात धरून उभा राहिलो आणि काहीही बोललो नाही.

आणि दहाच मिनिटांपूर्वी आम्ही दोघं शेजारी शेजारी उभे राहून पसायदान म्हटलं होतं.

पसायदान आपल्याला इतकं पाठ असतं की त्यात काय मागितलंय याकडे लक्षच राहत नाही. ज्ञानेश्वरीचा एवढा मोठा वाग्यज्ञ पूर्ण झाल्यावर माउली देवाकडे स्वतःसाठी काही मागत नाहीत. सगळ्यांचं भलं मागतात. दुष्टांचंसुद्धा वाईट मागत नाहीत, त्यांच्यातलं वाकडेपण जावं एवढंच मागतात. संध्याकाळी ते म्हणणारा मी सकाळी त्याच देवाकडे एका कंपनीचं वाईट मागून आलो होतो. आणि त्या कंपनीशी माझं काही वैर नव्हतं. तिच्या शेअरचा भाव सोडला तर तिच्याबद्दल मला काही देणंघेणंच नव्हतं.

आता नीट विचार करू, कारण इथे भावनेच्या भरात काहीतरी बोलून मोकळं होणं सोपं आहे.

माझ्या एका लॉटमुळे त्या सात पोरांची कामं गेली का? नाही. नफा घटला तो कंपनीच्या कारणांनी. मी पुट घेतलं नसतं तरी तेच झालं असतं. ज्याने मला ते पुट विकलं त्याला धोका माहीत होता, त्यानेही ते स्वखुशीने विकलं. मी कोणाला फसवलं नाही, खोटी अफवा पसरवली नाही. मग चुकलं काय?

दुसरी बाजूही घ्या. लोक आजारी पडतात म्हणून डॉक्टरचं घर चालतं. पाऊस पडतो म्हणून छत्रीवाल्याचा धंदा होतो. त्यांना आपण दोष देत नाही. बाजारातही एखादा शेअर उगाच फुगला असेल तर तो पडेल असं म्हणणारे लोक लागतात, नाहीतर भाव खोटेच राहतील. ज्याच्याकडे शेअर आहेत त्याने पडझडीपासून वाचायला पुट घेणं हा तर विम्यासारखा शहाणपणा आहे.

हे सगळं खरं आहे. पण आजार आल्यावर डॉक्टरचं काम सुरू होतं. छत्रीवाला भिजणाऱ्याच्या हातात छत्री देतो. निकाल वाईट आल्यावर माझं काम कुठलं होतं? काहीच नाही. मी फक्त वाट बघत होतो. कर्मावर तुझा अधिकार आहे, फळावर नाही, असं कालच्या श्लोकात भगवंत म्हणाले. माझ्या त्या व्यवहारात कर्म शोधायला गेलो तर एक बटण दाबणं सापडतं. बाकी सगळं फळच होतं. जो रोज आठ-दहा तास ताळेबंद वाचतो, अभ्यास करतो, तो याच्यासाठीच पोटाला बसतो, त्याच्याबद्दल मी बोलत नाही. त्याचा हिशेब त्याने स्वतःशी करावा. मी माझ्याबद्दल बोलतोय.

आता पुढची गंमत ऐका. पुढच्या तिमाहीत मी दुसऱ्या एका कंपनीचे कॉल घेतले, म्हणजे शेअर वाढेल यावर पैसे लावले. निकाल उत्तम आला. नफा वाढला, विक्री वाढली. मी खूश. सकाळी शेअर पडला! मागचे १३,२०० आणि वर नऊ हजार गेले.

असं का होतं याचं मोठं उदाहरण तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. १६ जानेवारी २०२४ ला एचडीएफसी बँकेचा तिमाही निकाल आला. नफा १६,३७२ कोटी, आदल्या वर्षीपेक्षा साधारण एक तृतीयांश जास्त, अर्थात त्यात विलीनीकरणाचाही वाटा होता. दुसऱ्या दिवशी शेअर आठ टक्क्यांहून जास्त पडला आणि त्या दिवशी सेन्सेक्स १,६०० हून अधिक अंकांनी खाली आला. हजारो कोटींचा नफा कमावूनही! कारण ठेवींची वाढ आणि व्याजातून सुटणारा फरक याबाबत लोकांनी मनात जे धरलं होतं, तेवढं दिसलं नाही.

म्हणजे बाजार निकालाला भाव देत नाही. निकाल आणि अपेक्षा यांच्यातल्या फरकाला देतो. आणि ऑप्शनमध्ये आणखी एक भर असते. निकालाआधी अनिश्चितता जास्त म्हणून ऑप्शन महाग असतात. निकाल लागला की ती अनिश्चितता संपते आणि कधीकधी दिशा बरोबर असूनही ऑप्शनचा भाव उतरतो.

हे समजलं तेव्हा मला हसू आलं. आपलं मनही असंच वागतं. पगार आठ टक्के वाढला, पण बारा धरले होते म्हणून आपण दिवसभर खट्टू. दहावीला ९१ टक्के मिळाले, पण ९५ हवे होते म्हणून घरात सुतक. आपण घटनेने दुःखी होत नाही, धरून ठेवलेल्या आकड्याने होतो. ज्या आसक्तीला सोड म्हणून भगवंत सांगतात, तिच्यावरच लाखो लोक मिळून रोज सव्वानऊ ते साडेतीन जिथे बोली लावतात, तिथे मी समत्व शिकायला गेलो होतो.

आणि आकडे तर समोरच आहेत. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या तीन वर्षांत शेअर फ्युचर्स-ऑप्शन्स करणाऱ्या व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात होते. एकूण तोटा १.८ लाख कोटींहून अधिक. त्याआधी जुलैमध्ये आलेल्या दुसऱ्या अभ्यासात, एका दिवसात शेअर घेऊन विकणाऱ्यांपैकी दर दहांतले सात तोट्यात होते. त्यांच्यात तिशीच्या आतल्यांचं प्रमाण चार वर्षांत १८ वरून ४८ टक्क्यांवर गेलं होतं. म्हणजे आपलीच पिढी. पण माउली, हा मुद्दा मी शेवटचा मानतो. तोटा होतो म्हणून सोडा, हे कोणीही सांगेल. मला त्रास झाला तो नफ्याचा.

तोटा झाल्यावर मी थांबलो का? नाही. याच अध्यायात ६२ आणि ६३ व्या श्लोकात जी उतरंड आहे, एखाद्या विषयाचं चिंतन करत राहिलं की संग, संगातून काम, कामातून क्रोध, आणि असं करत थेट बुद्धिनाशापर्यंत, ती मी एक एक पायरी उतरलो. फोनमध्ये निकालांचं कॅलेंडर. मीटिंगमध्ये टेबलाखाली स्क्रीन. आईने "जेवायला चल" म्हटलं की चिडचिड. आणि वरवर मी शांतच दिसायचो! नफा झाला तर शांत, तोटा झाला तर शांत. क्लासच्या सरांनी शिकवलेलं सगळं पाळत होतो. पण ते शांत राहणं कशासाठी होतं? पुढचा सौदा नीट व्हावा म्हणून. जास्त नफ्यासाठी ठेवलेली शांतता ही आसक्तीचीच नोकर असते.

तळ लागला तो एका सोमवारी. हरिपाठ संपला, दादांनी पखवाजाला गवसणी घातली आणि मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "दादा, कंपनीत आता कसं चाललंय? ऑर्डर वगैरे?"

त्यांचा चेहरा खुलला. त्यांना वाटलं, मी त्या सात पोरांची चौकशी करतोय. म्हणाले, "अरे, त्यातल्या तिघांना परत घेतलं. ज्याचं लग्न झालं होतं ना, तो पण आला." आणि ते सांगत राहिले. मी मान डोलावत होतो, पण मला पोरांबद्दल ऐकायचं नव्हतं. निकाल पंधरा दिवसांवर होता आणि मला शिफ्ट वाढल्या का ते हवं होतं.

कायद्याने बघितलं तर कंपनीच्या ज्या लोकांकडे आतली माहिती असते, त्यांना तिमाही संपल्यापासून निकालानंतर ४८ तास होईपर्यंत स्वतःच्या कंपनीच्या शेअरचा व्यवहार करता येत नाही. आणि बाहेरच्याने अशी माहिती काढून घेणं हाही गुन्हा आहे. पण त्या क्षणी मला सेबीची भीती वाटली नाही. मला स्वतःची किळस आली. एका माणसाच्या प्रेमाच्या बोलण्यातून मी भाव काढत होतो. मी पुढे काही विचारलं नाही. घरी आलो आणि ॲपमधून फ्युचर्स-ऑप्शन्सचा विभाग बंद करायची विनंती टाकली.

तेव्हा महाभारताच्या शांतिपर्वातली तुलाधाराची गोष्ट नव्याने समजली. जाजली नावाचा तपस्वी खांबासारखा निश्चल उभा राहिला. इतका, की पक्ष्यांनी त्याच्या जटेत घरटं केलं, अंडी घातली, पिल्लं मोठी होऊन उडून गेली. जाजलीला वाटलं, आपण धर्म मिळवला. तेवढ्यात वाणी झाली, वाराणसीतल्या तुलाधाराची तुला सर येणार नाही. जाजली रागारागाने गेला, तर तुलाधार कोण? दुकानात माल तोलत बसलेला एक वाणी! तो जाजलीला सांगतो, कोणाचा द्रोह न करता, निदान कमीत कमी दुखावून जगणं हा माझा धर्म. माझा तराजू सगळ्यांसाठी सारखा आहे.

बघा, व्यासांनी समत्वाचा धडा द्यायला संन्यासी निवडला नाही, दुकानदार निवडला. म्हणजे व्यापार, नफा, पैसा यात मुळात वाईट काही नाही. आपले तुकोबाही दुकानदाराच्या घरातलेच. दुष्काळानंतर त्यांनी सावकारीतले आपल्या वाट्याचे कागद इंद्रायणीत सोडले, असं परंपरा सांगते. लोकांच्या अडल्या वेळेतून येणारं येणं त्यांना नको झालं.

आणि आता आजच्या श्लोकाकडे परत येऊ. मी इतके दिवस "सम" याचा अर्थ काय घेत होतो? माझा नफा आणि माझा तोटा समान. पण नफाही माझा आणि तोटाही माझाच! दोन्ही मी एकाच पारड्यात ठेवत होतो. दुसऱ्या पारड्यात कोणी नव्हतंच, मग दांडी सरळ राहणार कशी? याच गीतेत सहाव्या अध्यायाच्या ३२ व्या श्लोकात भगवंत पुढे जातात. सुख असो वा दुःख, स्वतःच्या तुलनेने जो ते सगळ्यांच्या ठिकाणी सारखं बघतो, तो त्यांना परम योगी वाटतो. दुसऱ्या अध्यायातलं समत्व सहाव्या अध्यायापर्यंत पोहोचलं पाहिजे. मध्येच थांबलं तर त्याचा उपयोग जुगाऱ्यालाही होतो. जुगारीही पत्ते पडल्यावर चेहरा हलू देत नाही.

माझ्या मित्राला माझं उत्तर हे. ट्रेडिंग कर्मयोग आहे का, हे मी ठरवणारा कोण? पण पुढचा सौदा करण्याआधी एवढंच बघ. हा सौदा जिंकावा म्हणून तुला कोणाचं वाईट व्हायला हवंय का? झालं तर त्या माणसाशेजारी उभं राहून तुला पसायदान म्हणता येईल का? आणि हा सौदा तू घरी खरा सांगशील, की बोनस म्हणशील?

मी आता दर महिन्याला एसआयपी करतो, चार चांगल्या कंपन्यांचे शेअर आहेत, ते तसेच ठेवलेत. त्यांचे निकाल वाचतो. पण रात्री, जेवण झाल्यावर. मोह पूर्ण गेलाय असं नाही. निकालांचे आठवडे आले की हात अजून फोनकडे जातो.

दादांना मी सगळं सांगितलं, सात-आठ महिन्यांनी. खूप धीर गोळा करून. ते हसायलाच लागले. "तेरा हजार? अरे, मग पेढे एकट्यानेच खाल्लेस होय!" मी म्हटलं, "दादा, मी गंभीरपणे सांगतोय. तुम्ही त्या पोरांचं सांगत होता आणि मी काही बोललो नाही." ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "ते मला तेव्हाच कळलं होतं. म्हटलं, याला काहीतरी टोचतंय. टोचतंय तोवर बरं असतं."

आजचा अभ्यास : आज दिवसभरात कोणाची तरी वाईट बातमी ऐकून मनाला किंचित बरं वाटलं, तर तो क्षण पकडा. स्पर्धेतला कोणी मागे पडला, कोणाचं प्रमोशन हुकलं, कोणाच्या कंपनीचा निकाल वाईट आला. स्वतःला दोष देत बसू नका. त्या माणसाचं नाव घ्या आणि रात्री त्याच्यासाठी एकदा पसायदान म्हणा, पूर्ण, अर्थाकडे लक्ष देऊन.

उद्या श्लोक ४९.

रामकृष्ण हरि!